रविवारचं ऐकणं

फेब्रुवारी सत्त्याण्णवमध्ये नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मोतीराम भोयेच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली, आणि त्या दिवसापासून गोरक्ष काकडला आवाज सोसेनासे झाले.

कारखाना मोटारींच्या सुट्या भागांचा. पत्र्याची पट्टी साच्यावर, म्हणजे डायवर ठेवायची, बटणं दाबायची, वरचा दट्ट्या धाडकन खाली यायचा आणि कापलेला भाग खालच्या पेटीत पडायचा. गोरक्ष तिथे सेटर होता. डाय बसवणं, मशीन जुळवून कामगाराच्या हाती देणं हे त्याचं काम. मखमलाबादच्या फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातला हा धाकटा मुलगा आयटीआय करून कारखान्यात लागला, त्याला चौदा वर्षं झाली होती. मोतीराम हरसूलकडचा, घरी भात-नागलीची शेती. ठेकेदाराकडून आलेला, त्याला जेमतेम सात महिने झाले होते.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच दट्ट्या खाली यायचा. म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. पण मार्चअखेर जवळ आलेली, माल कमी पडत होता. सुपरवायझर खैरनार गोरक्षला म्हणाले, "एक बटण बायपास करून टाक रे. एका हातानं पट्टी सरकवेल, एका हातानं बटण दाबेल. तासाला दीडशे नग वाढतील." गोरक्षने तारेचा एक तुकडा आत जोडून दिला. असं पूर्वीही केलेलं होतं, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या मार्चमध्ये. तिसऱ्या दिवशी मोतीरामचा हात गेला.

त्याला रिक्षात घालून नेलं त्या गोंधळात खैरनार गोरक्षजवळ आले. मशीनकडे पाहिलं आणि निघून गेले. गोरक्षने बटणांमागची पेटी उघडली आणि तार काढून खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले तेव्हा दोन्ही बटणं ठाकठीक होती. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं आणि खाली साक्षीदार म्हणून गोरक्षने सही केली.

पुढचे दोन महिने त्याच्या डोक्यात प्रेस चालू राहिली. जेवताना, अंघोळ करताना, सायकलवर. कुकरची शिट्टी झाली की तो दचकून उठायचा. देवळालीकडून तोफांच्या सरावाचा घुमा आवाज वाऱ्याबरोबर आला की खुर्चीचे हात घट्ट धरायचा. एका संध्याकाळी मुलीच्या, तृप्तीच्या हातून कंपासपेटी फरशीवर पडली आणि त्याने तिच्या कानशिलात दिली. नऊ वर्षांची पोर. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. त्याची बायको मीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुमचं हे काय चाललंय?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात बीपी चांगलं हाय, कान चांगले हायेत. मग होतंय काय तुम्हाला?"

मीना सकाळी कॉलेज रोडच्या पाच-सहा घरांत शेवंती, गुलाब, मेथी, पालक पोचवायची. त्यातलं एक घर विमलाबाई गायधनींचं. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी काही माणसं जमून कॅसेट ऐकतात, हे मीनाने पाहिलं होतं. दोन-तीनदा भाजी ठेवताना तिने बाईंशी नवऱ्याबद्दल बोलूनही घेतलं.

"पूजाबिजा काय नाय," तिने गोरक्षला सांगितलं. "कोणी बोलत नाय, पैसे नाय. नुसते डोळे मिटून गाणं ऐकतात. एक बँकेतले साहेब हायेत, त्यांना झोप लागायची नाय, आता लागते. जाऊन तर बघा."

गोरक्ष गेला तो मीनासाठी. तृप्तीसाठीही म्हणा.

खोलीत सतरंजी, खिडकीशी कॅसेट प्लेअर, दोन जुने स्पीकर. सात-आठ माणसं. विमलाबाई उंच, सडसडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नव्या माणसाला त्या एकदाच सगळं सांगत.

"इथं मान डोलवायची नाही, वाहवा म्हणायचं नाही. राग ओळखला तर मनात ठेवायचा, आम्हाला सांगायचा नाही. एक आवाज धरायचा. आज तंबोरा धरा. बाकीचं कानावर येईल, येऊ द्या. मन जाईल, ते जाणारच. गेलं असं कळलं की परत तंबोऱ्यापाशी या. स्वतःवर चिडू नका, त्यात वेळ जातो."

"किती वेळा परत यायचं?" गोरक्षने विचारलं.

"वीस मिनिटांत शंभर वेळा आलात तरी चालेल."

पहिल्या रविवारी त्याला पाच मिनिटंही बसवलं नाही. सतारीनंतर तबला सुरू झाला आणि प्रत्येक समेला दट्ट्या खाली येऊ लागला. तो चपला हातात घेऊनच जिना उतरला. पुढच्या रविवारी मीनाने त्याला पुन्हा ढकललं. विमलाबाईंनी त्या दिवशी कॅसेट बदलली. बासरीची होती, नुसता आलाप, तबला नाही. मागे तंबोरा.

गोरक्षला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण लहानपणी त्याने वडिलांबरोबर शेताला पाणी भरलं होतं. सरीत पाणी सोडायचं, ते आपल्या मनाने कुठेतरी बांध फोडून निघून जायचं, आपण फावडं घेऊन जायचं, चिखलाचा गोळा टाकायचा, पाणी पुन्हा सरीला लावायचं. दिवसभर हेच. त्यात पाण्यावर रागावून भागत नाही. असंच हे, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि मग थोडं जमू लागलं. आधी एका श्वासापुरतं. मग बासरीचा एक सूर सुरू होऊन संपेपर्यंत. मे महिन्यात एका रविवारी डोळे उघडले तेव्हा इतर लोक उठून चाललेले होते आणि त्याच्या डोक्यात काहीही वाजत नव्हतं.

मीनाने एक साधा टेपरेकॉर्डर आणला. विमलाबाईंनी कॅसेट भरून दिली. कामावरून आलं की गोरक्ष भिंतीला टेकून वीस मिनिटं बसायचा. झोप येऊ लागली. तृप्ती पुन्हा त्याच्या जवळ बसून गृहपाठ करू लागली. भाऊ म्हणाला, रंग परतला तुझा. कारखान्यात खैरनार म्हणाले, "झालं ना सगळं मागं? असंच पाहिजे." गोरक्षलाही वाटलं, झालं मागं.

जुलैच्या मधल्या एका रविवारी ते झालं. बासरीवाल्याने एक लांब सूर घेऊन सोडला आणि पुढचा घेण्याआधी थांबला. मागे नुसता तंबोरा. गोरक्षचं मन कुठेही गेलेलं नव्हतं, तो अगदी तिथेच होता. आणि त्याला मोतीरामचा आवाज ऐकू आला, शेजारी उभं राहून बोलल्यासारखा.

"दादा, एकच बटन दाबायचं? दुसरं नाय?"

मग त्याला स्वतःचाही आवाज ऐकू आला. "एकच. त्यानं लवकर होतं."

"हात जाणार नाय ना?"

"इतकी वर्षं करतोय मी. गप काम कर."

हे बोलणं झालं होतं. तार बसवली त्या सकाळी, मशीनशेजारी, मोतीराम हातमोजे घालत असताना. पाच महिन्यांत गोरक्षला अपघात हजार वेळा आठवला होता. रक्त, रिक्षा, खैरनारांची नजर, सगळं. हे एवढं मात्र एकदाही आठवलं नव्हतं. तो स्वतःला सांगत आला होता की साहेबांनी सांगितलं, मी केलं, आणि पोरानं हात आत ठेवला. पोरानं विचारलं होतं हे त्याने आपल्यापासूनच लपवून ठेवलं होतं.

कॅसेट संपली. माणसं गेली. गोरक्ष तिथेच बसून राहिला. विमलाबाई स्पीकरवर कापड टाकत होत्या.

"तुम्ही म्हणाला होतात, बरं वाटेल," तो म्हणाला. आवाज चढलेला होता.

"मी असं कधी म्हटलं नाही. मीना म्हणाली असेल."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. तार, खिसा, सही, मोतीरामचा प्रश्न. विमलाबाई खाली सतरंजीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी चष्म्याचा दोरा बोटांत फिरवला.

"गोरक्ष, मला यातलं काही कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मी गाणं शिकवणारी बाई. लोक येतात, शांत होऊन जातात, मलाही तेवढंच ठाऊक होतं. तुम्ही हे मला सांगितलंत, आता मलाही ओझं झालं. पण मी काय करू शकते? मला खरंच सांगता येत नाही."

त्याला त्यांचा राग आला. घरी गेल्यावर त्याने टेपरेकॉर्डर कपाटावर टाकला. पण आता टेप न लावताही ते बोलणं ऐकू येत होतं. पूर्वी प्रेसचा दणका ऐकू यायचा तेव्हा निदान ती एक व्याधी म्हणता येत होती.

पुढच्या आठवड्यात त्याने रजा टाकली आणि सीबीएस स्टँडवरून हरसूलची एसटी पकडली. मीनाला सांगितलं, कंपनीचं काम आहे. त्र्यंबकच्या पुढे घाट लागला, पाऊस बारीक पडत होता, डोंगर ढगात. हरसूलला उतरून विचारत विचारत चार किलोमीटर चालला. मोतीराम घरी नव्हता. बायको नवसाबाईने हाताने खालची खाचरं दाखवली.

भाताची आवणी चालली होती. पाच-सहा माणसं ओळीने वाकून चिखलात रोपं खोचत होती. सगळ्यांच्या मागे मोतीराम. उजव्या हातात जुडी धरलेली, अंगठा आणि तळहात यांच्यात कशीबशी, आणि डाव्या हाताने रोपं लावत होता. त्याची ओळ वाकडी होती आणि इतरांपेक्षा बरीच मागे.

"कोण? गोरखदादा?" तो सरळ उभा राहिला.

गोरक्ष बांधावर. काय बोलायचं ते त्याने एसटीत चार वेळा जुळवलं होतं, त्यातलं काही उरलं नव्हतं.

"मोतीराम, त्या दिवशी सकाळी तू मला विचारलं होतंस. एकच बटण दाबायचं का म्हणून."

"हां."

"मी तुला गप म्हणालो."

"हां. म्हणलास."

"मी विसरलो होतो रे. आत्ता आठवलं."

मोतीरामने जुडी पाण्यात ठेवली आणि तुटक्या हाताने कपाळावरचा पाऊस पुसला.

"मी नाय विसरलो," तो म्हणाला. "ज्या दिशी हात गेला त्या दिशीबी ध्यानात होतं. दवाखान्यात तपासणीचा साहेब आला त्याला मी सांगितलं. तो म्हणला, गोरख तं काय बोलत नाय असं. त्याची सही हाय." मग त्याने विचारलं, "तू साहेबाला सांगितलं का आता?"

"अजून नाय."

"कोर्टात? युनियनच्या वकिलानं कामगार कोर्टात केस टाकली हाय माझी."

"मला माहीत नव्हतं."

"मंग हितं कशाला आलास?" मोतीरामचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला तं ठावकंच हाय. ज्याला ठावकं नाय त्याला जाऊन सांग ना."

एवढं बोलून तो पुन्हा वाकला. गोरक्ष परत फिरला. घराशी नवसाबाईने त्याला कोरा चहा दिला. कपाकडे न बघता ती म्हणाली, "पोरीला वाटतं बोटं परत येतील. पालीचं शेपूट येतं ना, तसं. रोज बघते हात उचलून." गोरक्षने चहा संपवला. तो गोड होता की कसा, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही.

मीनाला त्याने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती घाबरली.

"तुम्ही साक्ष दिली तर नोकरी जाईल."

"जाईल."

"आणि तार तुम्हीच काढली म्हणून तुम्हालाच पकडतील."

"पकडतीलही."

"तुमचा जीव शांत व्हावा म्हणून मी तुम्हाला तिथं पाठवलं होतं," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं. "हे काय घेऊन आलात घरात?" दुसऱ्या दिवसापासून तिने विमलाबाईंच्या घरी भाजी देणं बंद केलं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. ती गेली नाही.

साक्ष झाली ती पुढच्या मार्चमध्ये. मधल्या काळात खैरनारांनी गोरक्षला दोनदा केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदा चहा पाजला. दुसऱ्यांदा म्हणाले, "मी तुला तार बसव म्हणालो? कुठं लिहिलंय? कागद दाखव." कागद नव्हताच. प्रेसखान्यातले लोक जेवणाच्या सुटीत त्याच्यापासून दूर बसू लागले. एकाने सरळ विचारलं, "ठेकेदाराच्या माणसापायी आमच्या पोटावर का पाय देतोस?"

कोर्टातली खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. मोतीराम मागच्या बाकावर बसला होता, उजवा हात सदऱ्याच्या आत. कंपनीच्या वकिलाने गोरक्षला वर्षापूर्वीचा अहवाल दाखवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"यात लिहिलंय की मशीन सुस्थितीत होतं. आज म्हणता, तार होती. तार तुम्हीच बसवली, तुम्हीच काढली, सही तुम्हीच केली. यातलं खरं कोणतं समजायचं कोर्टानं?"

"आजचं."

"मग वर्षभर गप्प का होतात?"

पंख्याची खरखर गोरक्षला ऐकू येत होती, टाइपरायटरची टकटक, बाहेर कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं. त्यातलं काहीच त्याने दूर लोटलं नाही.

"भीती होती," तो म्हणाला. "मोतीरामनं मला विचारलं होतं, हात जाणार नाही ना. मी त्याला गप बसवलं. नंतर मीही गप बसलो. हे लिहून घ्या."

बाहेर आल्यावर मोतीरामने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली की नाही ते कळलं नाही, आणि नवसाबाईबरोबर एसटी स्टँडकडे चालू लागला.

महिन्याभरात गोरक्षवर कंपनीचं चार्जशीट आलं. सुरक्षायंत्रणेत फेरफार, पुरावा नष्ट करणं. कारखान्याच्या चौकशीत खैरनारांचं नाव कुठेच आलं नाही. जुलैत गोरक्षने राजीनामा दिला. अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर लागला, सकाळी भावाच्या मळ्यात फुलं तोडू लागला. मीना तीन-चार महिने त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मग हळूहळू बोलू लागली. पण कुणी त्या रविवारांचं नाव काढलं की उठून आत जायची.

गोरक्ष मात्र वर्षभराने विमलाबाईंकडे परत गेला. त्या थोड्या वाकल्या होत्या. त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली.

"मला वाटलं, तुम्ही आता ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी नव्या माणसांना वेगळं सांगते. म्हणते, काय ऐकू येईल याची मी हमी देत नाही."

"येतात तरी?"

"चार जण येत नाहीत. बाकीचे येतात."

केसचा निकाल दोन हजार एकमध्ये लागला. मोतीरामच्या बाजूने, पण अर्धामुर्धा. कंपनी जबाबदार धरली गेली, भरपाई मिळाली, पण हाताला काम मिळालं नाही. त्याने हरसूलच्या नाक्यावर पिठाची गिरणी टाकली. गोरक्षला हे वकिलाकडून कळलं. मोतीरामने त्याला काही कळवलं नाही, आणि कळवावं अशी अपेक्षा धरायला गोरक्षला तोंड नव्हतं.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये, सिंहस्थाच्या तयारीने शहरभर रस्ते खणलेले असताना, मोतीराम मखमलाबादला आला. बरोबर सोळा वर्षांची मुलगी, रूपाली. आश्रमशाळेतून दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. गोरक्ष ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होता. तो उठून उभा राहिला. मीना आतून पाणी घेऊन आली, माणूस ओळखून थबकली, मग तांब्या मुलीच्या हातात दिला.

"हिला नाशकात अकरावीला घातलं," मोतीराम उभ्याउभ्याच म्हणाला. "वसतिगृहाचा फॉर्म हाय. हितल्या पालकाची सही लागते. आजारीबिजारी पडली तं बोलवायला माणूस पाहिजे."

त्याने डाव्या हाताने फॉर्म पुढे केला.

"माझं नाशकात दुसरं कोणी नाय," तो म्हणाला. "म्हणून आलो. माफ केलं असं समजू नको."

"नाही समजत."

गोरक्षने हात लेंग्याला पुसले, ओट्यावर बसून फॉर्म मांडीवर घेतला आणि नाव, पत्ता सावकाश लिहिला. पुढे विद्यार्थिनीशी नातं असा एक रकाना होता. तिथे त्याचं पेन थांबलं. त्याने वर बघितलं.

मोतीरामने अंगणातल्या फुलांच्या ढिगाकडे पाहिलं.

"लिही," तो म्हणाला. "वळखीचा."